काचेवरचा पाऊस : मोटारीच्या स्वयंचलित वायपरची ओळख

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुना विमानतळ रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे मारतहळ्ळी ही वस्ती आहे. एके काळचे हे खेडे आज महानगराच्या पोटात पूर्णपणे सामावून गेले असून, पुणे, कोल्हापूर, बेळगाव आदी ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या भागात आढळतात. सप्टेंबर महिन्यातील एखाद्या संध्याकाळी येथील पुलाजवळ मोटारींच्या रांगा खोळंबलेल्या असाव्यात, पूर्वेकडून आभाळ काळवंडत यावे, आणि शेजारच्या रिक्षातील कोणी "मळे बर्ताइदे" असे उद्गारावे, हा नित्याचा प्रसंग होय. कानडीत मळे म्हणजे पाऊस. नवख्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र क्षणभर वांग्या-टोमॅटोचे मळे उभे राहतात.

तेवढ्यात समोरच्या काचेवर चार-सहा टपोरे थेंब पडतात. चालकाचे दोन्ही हात चक्रावर असतात. कोणी दांडी हलविलेली नसते, कोणी कळ दाबलेली नसते. तरीही वायपर उठतो, काच एकदा पुसतो आणि पुन्हा आपल्या जागी निजतो. पाऊस वाढला की त्याच्या फेऱ्या वाढतात, ओसरला की त्या विरळ होतात. मागच्या आसनावरील मुलाने अशा वेळी "याला पाऊस आला हे कळले कसे?" असा प्रश्न केला, तर पुष्कळ वडीलधारी माणसे "त्यात यंत्र असते" एवढेच सांगून मोकळी होतात. हे उत्तर खोटे नाही. पण ते उत्तरही नव्हे.

अशी योजना एके काळी केवळ महागड्या परदेशी गाड्यांत असे. आता ती आपल्याकडील मध्यम किमतीच्या मोटारींतही येऊ लागली आहे. जी वस्तू घरोघर येते तिचे अंतरंग ठाऊक असणे बरे, आणि येथे तर त्याला आणखी एक कारण आहे. या यंत्राला पाऊस दिसत नाही. पावसाचा आवाज ऐकू येत नाही, आणि आभाळाशी त्याचा काहीही संबंध नाही. त्याला केवळ एकच गोष्ट कळते: आपण काचेत सोडलेला प्रकाश आपल्याकडे परत आला की नाही. त्याचा सारा शहाणपणा आणि त्याचे सारे वेडेपण या एका गोष्टीतून निघते. ज्याला ही गोष्ट उमगली नाही तो चालक नको त्या क्षणी यंत्रावर विसंबण्याचा संभव असतो.

पाण्याचा पेला आणि ओले बोट

यंत्र उघडून पाहण्यापूर्वी एक प्रयोग करावा. त्यासाठी काचेचा साधा पेला पुरे. पेला दोन तृतीयांश पाण्याने भरावा, हातात उचलून धरावा, आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, पेल्याच्या बाजूच्या भिंतीकडे तिरपे पाहावे. भिंत आरशासारखी रुपेरी दिसते. तिच्या पलीकडे आपलीच बोटे असतात, पण ती दिसत नाहीत. आता एक बोट पाण्यात भिजवून त्याच जागी बाहेरून टेकवावे. रुपेरी पडदा तेवढ्याच जागी फाटल्यासारखा होतो आणि बोटावरील रेषान्‌रेषा स्पष्ट दिसू लागते.

हे कसे घडते? प्रकाशकिरण काचेतून वा पाण्यातून हवेत शिरताना वाकतो, हे आपण वक्रीभवनाच्या पाठात शिकलेले असतो. किरण पृष्ठभागावर जितका तिरपा पडेल तितका बाहेर पडताना तो अधिक वाकतो. आणि एका ठराविक कोनापलीकडे त्याला बाहेर पडताच येत नाही, तो सर्वच्या सर्व आत परततो. या कोनास क्रांतिक कोन आणि या परतण्यास संपूर्ण आंतरिक परावर्तन असे म्हणतात. पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा, म्हणजे स्तंभिका, आणि किरण यांच्यामधील कोन मोजला, तर काच व हवा यांच्या सीमेवर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश भरतो. बाहेर हवेऐवजी पाणी असेल तर तोच कोन ६१ अंशांच्या आसपास जातो. म्हणजेच ४५ अंशांनी येणारा किरण कोरड्या काचेवरून पुरा परत फिरेल. पण त्याच जागी पाण्याचा थेंब बसलेला असेल तर काचेतून थेंबात शिरेल. कोरड्या व ओल्या काचेतील हा भेद वायपरच्या यंत्राने हेरलेला आहे.

हीच युक्ती आपल्या नित्य पाहण्यातील दुसऱ्या एका उपकरणात आहे. रेशनच्या दुकानात अंगठा टेकविण्याचे जे छोटे यंत्र असते, त्याच्या एका प्रकारात काचेचा लोलक बसविलेला असतो व त्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश असाच परतत असतो. अंगठ्याच्या रेषांचे उंचवटे काचेला जेथे भिडतात तेथे प्रकाश परतत नाही, आणि त्या नकाशावरून ठसा उमटतो. ज्यांचे हात कष्टाने कोरडे व खरखरीत झाले आहेत अशा माणसांचा अंगठा यंत्र पुनःपुन्हा नाकारते, आणि दुकानदार त्यांना बोट ओले करावयास सांगतो. दुकानदार त्या वेळी आपल्या पेल्याचाच प्रयोग करीत असतो.

आरशामागची डबी

स्वयंचलित वायपर असलेल्या मोटारीत, आतील आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक लहानशी काळी डबी असते. बाहेरून पाहिल्यास काचेवर त्या जागी एखादे वर्तुळ किंवा खिडकीसारखा भाग दिसतो. डबीत एक-दोन एलईडी दिवे असतात. त्यांचा प्रकाश आपणास दिसत नाही, कारण तो तांबड्या रंगाच्या अलीकडचा, म्हणजे अवरक्त असतो. हा प्रकाश सुमारे ४५ अंशांनी काचेत शिरतो, बाहेरच्या पृष्ठभागावर आदळून आत परततो, आणि त्याची वाट पाहत बसलेल्या प्रकाशग्राही घटकावर पडतो. काच कोरडी असेल तर जितका प्रकाश पाठविला त्यातील ठरलेला वाटा परत मिळतो. थेंब पडला की हा वाटा घटतो. किती घटला आणि किती वेळा घटला, यावरून डबीतील लहानसा गणकयंत्राचा तुकडा वायपरच्या मोटरला आज्ञा देतो.

डबी आणि काच यांच्यामध्ये हवा राहून चालत नाही; नाहीतर प्रकाश काचेत शिरण्यापूर्वीच गोंधळ होतो. म्हणून दोहोंमध्ये पारदर्शक, मऊ, जेलीसारखी गादी दाबून बसविलेली असते. या गादीचे महत्त्व मला स्वतःला अनुभवाने कळले. रस्त्यावरील खडी उडून माझ्या गाडीची काच तडकली व नवी बसवावी लागली. काम करणाऱ्याने जुनीच गादी पुन्हा लावली. तिच्यात हवेचा एक बुडबुडा राहिला. त्यानंतर महिनाभर ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात वायपर अधूनमधून उठून कोरडी काच खरवडीत राहिला, आणि एकदा चांगली सर आली असता मात्र स्वस्थ पडून होता. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवेच्या सीमेवर प्रकाश आपला मार्ग बदलतो. बिचाऱ्या यंत्राला आतला बुडबुडा आणि बाहेरचा थेंब यांत भेद करण्याचे साधनच नव्हते. नवी गादी बसविताच दोष नाहीसा झाला. काच बदलताना ही गादी नवीच घ्यावी, एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ त्रास वाचतो.

सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असतात. मग त्यांच्यापुढे या इवल्या दिव्याचा पाड कसा लागावा? यासाठी दिवा सतत न जळता अत्यंत जलद गतीने उघडझाप करतो, आणि ग्राहक घटक त्याच तालावर येणारा प्रकाश तेवढा मोजतो. जत्रेच्या गलबल्यात आपण ओळखीची हाक वेगळी ऐकतो, तसाच हा प्रकार होय.

येथे बारकाईची एक गोष्ट सांगावयास हवी. थेंबात शिरलेला किरण पुढे जातो कोठे? थेंबाची पाठ गोलाईची असते. त्या वळणावर किरण निरनिराळ्या कोनांनी आदळतात व बरेचसे बाहेर निसटतात. परंतु काचेवर पाण्याचा अगदी सपाट, एकसारखा थर पसरला असेल तर काय होईल? ४५ अंशांनी काचेतून निघालेला किरण पाण्यात शिरून सुमारे ५४ अंशांचा तिरपेपणा धारण करतो. आणि पाणी व हवा यांच्या सीमेवरील क्रांतिक कोन तर सुमारे ४९ अंशच आहे. म्हणजे किरण तेथूनही पुरा परततो, फक्त मूळ जागेपासून किंचित सरकून. थोडक्यात, हे यंत्र पाणी ओळखते असे म्हणण्यापेक्षा पाण्याचा उंचसखलपणा ओळखते असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. थेंब, ओघळ, थेंबांच्या माऱ्याने उठलेल्या लहरी त्याला कळतात. गुळगुळीत पातळ थर त्याला कोरड्या काचेसारखाच भासू शकतो. आपल्या डोळ्यांना मात्र तो थर समोरच्या दिव्यांचा प्रकाश फिसकटून टाकताना दिसत असतो.

नाण्याएवढी जागा

डबी काचेचा जो भाग पाहते तो फार तर रुपयाच्या नाण्याएवढा असतो. मोटारीच्या समोरच्या काचेचे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर धरले, तर ही जागा तिचा अडीच-तीन हजारावा हिस्सा होते. यातून एक गमतीचा हिशेब निघतो. भुरभुर पाऊस चालू आहे आणि काचेवर सर्वत्र मिळून पाचशे थेंब पडले आहेत असे समजा. त्यांपैकी एकही थेंब त्या नाण्याएवढ्या जागेवर न पडण्याची शक्यता किती? संभाव्यतेच्या गणिताने पाचांत चार वेळा असेच घडेल. चालकाला समोर थेंबच थेंब दिसतात, आणि वायपर ढिम्म हलत नाही. याच्या उलट, बाकी काच जवळजवळ कोरडी असता एखादा चुकार थेंब नेमका त्या जागी पडला तर वायपर उठून कोरड्या काचेवर कर्रकन फिरतो. लोक म्हणतात, यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते. त्याची खिडकीच लहान असते. पुष्कळ गाड्यांत दांडीवर एक फिरते कडे असते व त्याने यंत्राची संवेदनशीलता कमी-अधिक करता येते, म्हणजे किती थेंबांना "पाऊस" म्हणावयाचे ते ठरविता येते. खिडकीचा आकार मात्र कड्याने वाढत नाही.

यंत्र दुसरीही एक खूण पाहते. वायपर फिरून गेल्याबरोबर ती जागा स्वच्छ होऊन प्रकाश पूर्ववत यावयास हवा. तेथून पुढची घट नव्याने मोजली जाते. वायपरचे रबर उन्हाने कडक झाले वा फाटले असेल, तर तो पुसण्याऐवजी पाणी फासत जातो. प्रकाश पूर्ववत येत नाही, यंत्राला वाटते की पाऊस फार आहे, आणि ते वायपरला अधिकच पळविते. दोन-अडीचशे रुपयांच्या रबराचा दोष अशा रीतीने भलत्याच्या माथी येतो.

मोटार चालू असणे आणि उभी असणे यांतही मोठे अंतर आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. ताशी ६० किलोमीटर जाणारी मोटार त्याच सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तासाला २० मिलिमीटर या मानाने पाऊस पडत असून काच आडव्या पातळीशी ३० अंशांनी कललेली आहे असे मानले, तर उभ्या मोटारीच्या काचेवर तासाला सुमारे १७ मिलिमीटर पाणी पडेल, आणि धावत्या मोटारीच्या काचेवर सुमारे ४३. वाऱ्याच्या झोताने काही बारीक थेंब काचेला चुकवून वरून निघून जातात, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजावा. तरी अडीचपटीचा फरक कोणाच्याही ध्यानात येईल. म्हणून पुष्कळ मोटारींत डबीला गाडीच्या वेगाचीही वर्दी मिळते. मारतहळ्ळीच्या पुलाखाली खोळंबलेल्या गाडीतील वायपर सुस्त वाटतो आणि पुढे रस्ता मोकळा मिळताच एकाएकी चपळ होतो, त्याचे कारण हे आहे.

दांडीपासून डबीपर्यंत

वायपरचा इतिहास जवळजवळ मोटारीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता, ट्रामचा चालक बर्फाच्या भुरभुरीत समोरची काच उघडून गाडी हाकीत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यांनी आतून दांडीने फिरविता येणारी रबरी पट्टी योजिली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे पेटंट मिळविले. त्यातून त्यांना द्रव्यलाभ मात्र झाला नाही.

हाताची दांडी जाऊन यंत्रशक्ती आली तीही प्रथम लहरी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक मोटारींतील वायपर एंजिनाच्या शोषणाने, म्हणजे निर्वाताच्या जोरावर चालत. चढावर एंजिनाला अधिक इंधन देताच हे शोषण मंदावे आणि वायपर अडखळे. घाट चढताना, भर पावसात, नेमका तेव्हाच! विजेच्या मोटरने ही अडचण दूर केली.

पुढची पायरी म्हणजे थांबून थांबून पुसणे. रिमझिम पावसात सतत फिरणारा वायपर त्रासदायकच असतो. डेट्रॉइट येथील अभियंता रॉबर्ट कर्न्स याच्या एका डोळ्यास १९५३ साली इजा झाली होती. पापणी सतत न हलता मध्ये मध्ये मिटते, मग वायपरनेही तसेच का करू नये, असा विचार त्याने केला. १९६४ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला व १९६७ मध्ये ते मिळाले. त्याच्या मंडलात विद्युत्‌भार साठविणारा धारित्र हळूहळू भरतो आणि भरताच वायपरला एक फेरी देतो. आपल्याकडील घटिकापात्र भरून बुडाले की घटका वाजवीत, त्याचीच ही विजेची आवृत्ती म्हणता येईल. मोठ्या कंपन्यांनी ही योजना परवानगीवाचून वापरली म्हणून कर्न्स वर्षानुवर्षे न्यायालयात झगडला. १९९० साली फोर्ड कंपनीने त्याला सुमारे एक कोटी दोन लाख डॉलर दिले.

परंतु घटिकापात्राला पाऊस कळत नाही. त्याचा वेळ माणसालाच ठरवावा लागतो. १९७० साली निघालेल्या सीट्रोएन एस. एम. या फ्रेंच गाडीत त्यावर मोठी चतुर तोड काढली होती. कोरड्या काचेवर रबर अडते, मोटरला अधिक जोर लागतो व ती अधिक वीज ओढते. ओल्या काचेवर ते सहज घसरते. मोटर किती वीज ओढते हे पाहून मधला अवकाश कमी-अधिक होत असे. डबीतील प्रकाश हा त्यानंतर आला. अलीकडे काही मोटारींत डबीही काढून टाकून समोर पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून पाऊस ओळखण्याचे काम गणकयंत्रावर सोपविले आहे. त्याची खिडकी मोठी असते, आणि चुकाही निराळ्या.

धूळ, झाड आणि बसचे चाक

बंगळूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ९८० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या पाच हजारांवरील आकड्यापुढे हा किरकोळ दिसेल. पण तो एका दमात पडत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचे गडगडाटी पाऊस, जून ते ऑगस्ट वरचेवर झिमझिम, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळच्या जोरदार सरी, आणि पुढे ईशान्येकडील वाऱ्यांचा पाऊस, असे त्याचे अनेक अवतार आहेत. वायपरच्या यंत्राची परीक्षा पाहण्यास याहून चांगले गाव क्वचितच मिळेल.

जानेवारी ते मार्च हे महिने जवळजवळ कोरडे असतात. बांधकामांची बारीक वाळूमिश्रित धूळ काचेवर बसते. झाडाखाली गाडी उभी केली तर वरच्या कीटकांनी टाकलेले चिकट गोड द्रव्य काचेवर ठिपक्याठिपक्यांनी वाळते. असा ठिपका किंवा पाखराची विष्ठा नेमकी त्या नाण्याएवढ्या जागेवर पडली, की यंत्राच्या दृष्टीने पाऊस आला! वायपर कोरड्या धुळीवरून फिरतो, आणि रबराखाली सापडलेले वाळूचे कण काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे काढतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून दिवे आले की प्रत्येक ओरखडा चमकतो. म्हणून कोरड्या ऋतूत ही योजना बंद ठेवणे आणि काच आधी पाण्याने धुणे श्रेयस्कर. गाडी चालू ठेवून हाताने काच पुसणे तर टाळावेच. फडके त्या जागेवरून फिरताच वायपर उठतो आणि बोटांवर तडाखा बसतो.

डिसेंबरच्या पहाटे किंवा पावसात काचा बंद असताना काचेच्या आतल्या बाजूस वाफ धरते. तिच्यावर वायपरचा काही उपाय चालत नाही. काही चालक अशा वेळी वायपर वाढवीत राहतात. उपाय एवढाच, की वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा काचेवर सोडावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाऊस उघडलेला आहे, रस्त्यावर डबकी साचली आहेत, आणि शेजारून जाणाऱ्या बसच्या चाकाने गढूळ पाण्याचा लोट समोरच्या काचेवर उडविला. एका क्षणात पुढचे काहीही दिसेनासे होते. डबीला प्रकाशाची घट कळेल, ती आज्ञा देईल, वायपर उठेल आणि काच पुसत जाईल. या साऱ्यास मिळून एक सेकंद लागला असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्या एका सेकंदात मोटार ११ मीटर जाते, म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्यास पुष्कळ वेळा पुरेसे अंतर. दांडी हाताने चालविणारा चालक बसचे चाक डबक्याकडे जाताना पाहतो व पाणी उडण्यापूर्वीच वायपर सुरू करतो, पाय ब्रेककडे नेतो. यंत्र हे करू शकत नाही, कारण येणाऱ्या पाण्याची त्याला कल्पना नसते. आलेले पाणी तेवढे त्याला कळते. माझे मत असे, की या योजनेचा खरा तोटा तिच्या चुकांत नाही, तर ती बहुधा बरोबर असते आणि त्यामुळे हात दांडी विसरून जातो, यात आहे. स्वयंचलित वायपर असलेल्या गाडीतही हाताने एक फेरी देण्याची सोय असते. नवी गाडी घेणाऱ्याने ती कोठे आहे हे पावसाळ्यापूर्वी अंधारातही सापडेल इतके सवयीचे करून घ्यावे.

काचेवरील पाणी आणि रस्त्यावरील पाणी या तर दोन वेगळ्याच गोष्टी. ५ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत बंगळूर येथे १३१.६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मारतहळ्ळीच्या शेजारचे यमलूर, बेळ्ळंदूर आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लोकांना ट्रॅक्टर व नावांतून बाहेर काढावे लागले. २१ मे २०२३ रोजी शहरात के. आर. सर्कल येथील भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला. अशा वेळी आभाळ उघडले असेल तर वायपर बंद असतो, काच स्वच्छ असते, आणि पुढील पाणी किती खोल आहे याची खबर गाडीतील या यंत्रास मुळीच नसते.

पिठाचे ताट आणि धावती पर्जन्यमापके

थेंबांचा आकार यंत्राच्या वागण्यात किती फरक पाडतो, हे शाळेतील विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येईल. अमेरिकेतील विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १९०४ साली प्रसिद्ध केलेली रीत फार सोपी आहे. खोलगट ताटात दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा मैद्याचा थर चाळून पसरावा, ताट झाकून पावसात न्यावे, तीन-चार सेकंद उघडून पुन्हा झाकावे. प्रत्येक थेंबाची एक लहान गोळी बनते. ती वाळू द्यावी व मग पीठ चाळून गोळ्या मोजाव्यात. मेमधील वळवाच्या पावसात मोठ्या गोळ्या लक्षणीय मिळतील. ऑगस्टच्या झिमझिमीत बहुतेक बारीक. महाबळेश्वर येथे २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची उंचावरील मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. तेथे थेंब मोजणाऱ्या उपकरणांनी घाटातील मोसमी पावसात बारीक थेंबांचेच प्राबल्य आढळले आहे. पुण्याहून बंगळूरला ऑगस्टमध्ये मोटारीने येणाऱ्यास तवंदी घाटातील बारीक, दाट पावसात वायपर सतत फिरताना आणि पुढे चित्रदुर्गच्या कोरड्या माळावर स्वस्थ पडलेला आढळतो.

प्रकाश किती परत आला वा किती पोहोचला, यावरून हवेची स्थिती ओळखण्याची कल्पना मारतहळ्ळीच्या परिसरास परकी नाही. येथून जुन्या विमानतळ रस्त्याने पश्चिमेस निघाले, की सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली स्थापिलेल्या विमान कारखान्याचे विस्तीर्ण आवार लागते. त्याला लागून असलेल्या विमानतळावरून मे २००८ पर्यंत शहराची नियमित प्रवासी वाहतूक चाले. पुढे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आहे. तेथील शास्त्रज्ञांनी "दृष्टी" नावाचे उपकरण बनविले असून ते देशातील अनेक विमानतळांवर बसविले आहे. धावपट्टीच्या कडेला दोन खांब असतात. एकावरून प्रकाश सोडला जातो, दुसऱ्यावर तो मोजला जातो. मध्ये धुके असेल तितका तो घटतो, आणि वैमानिकाला किती अंतरावरचे दिसेल याचा आकडा मिळतो. आरशामागची डबी नाण्याएवढ्या जागेत जे करते, त्याचेच हे मोठे भावंड.

एक शेवटचा उपयोग नुकताच पुढे आला आहे. पर्जन्यमापके किती बसविली तरी ती विरळच राहतात. बंगळूरसारख्या शहरात कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची दूरसंदेशी पर्जन्यमापके जागोजाग असली, तरी व्हाइटफील्डला धो धो पाऊस आणि दोमलूरला कोरडे, असे वारंवार घडते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲन आर्बर शहरात फिरणाऱ्या सुमारे सत्तर मोटारींचे वायपर कोठे व केव्हा चालू होते याची नोंद तपासली व २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोटारीतील कॅमेऱ्यांच्या चित्रांशी ताडून पाहता, त्या जागी त्या क्षणी पाऊस पडत होता की नाही, हे वायपरने रडार आणि पर्जन्यमापके यांच्यापेक्षा अधिक अचूक सांगितले. पाऊस किती पडला हे त्यावरून नेमके कळत नाही. पण रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर तो आत्ता पडत आहे एवढे कळले, तरी कोणत्या भुयारी मार्गाशी पहारा ठेवावयाचा हे पालिकेला ठरविता येईल. मारतहळ्ळीच्या पुलावर संध्याकाळी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या शेकडो मोटारींकडे या दृष्टीने पाहिले, तर तेथे आधीच एक दाट पर्जन्यमापन-केंद्र उभे आहे. त्याची नोंद घेण्याची व्यवस्था तेवढी व्हावयाची आहे.